बिग ब्लाइंड वाचवायचा नसतो

सांगली, रविवार रात्र

चिरंजीवास, अनेक आशीर्वाद.

परवा कृष्णेच्या घाटावर तू विचारलंस, "काका, किंमत बरोबर होती, मग चुकलं कुठं?" अंधार पडत आला होता, तुला गाडी गाठायची होती, म्हणून मी काही बोललो नाही. घरी आल्यावर तुझा तो पोकरचा डाव वहीत मांडला आणि तीन दिवस त्याच्याकडं बघतोय.

पणजीची सॅटेलाइट, म्हणजे पैशांऐवजी मोठ्या स्पर्धेचं तिकीट देणारी स्पर्धा. 10 तिकिटं, उरलेले 12 जण. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी पाळीपाळीनं सक्तीनं लावायच्या चिप्स, स्मॉल 1,000 आणि बिग 2,000; वर बिग ब्लाइंडवाल्यानं भरायची 2,000 ची अँटी, तीही सक्तीचीच. बिग ब्लाइंडवर तू, अँटी भरल्यावर तुझ्याकडं 18,000, त्यातले 2,000 आधीच पुढं सरकवलेले. बाकी सगळ्यांनी पानं टाकून डाव सोडला आणि स्मॉल ब्लाइंडवरच्या मोठ्या स्टॅकवाल्यानं, म्हणजे चिप्सचा मोठा ढीग असलेल्यानं, ऑल-इन केलं, सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या. तुझ्या हातात एक्का-अठ्ठी, वेगवेगळ्या रंगांची. तू हिशेब केलास: कॉल करायला, म्हणजे त्याच्या बरोबरीनं लावायला, 16,000 घालायचे, पॉट, मधली सगळी रास, होणार 38,000 चा, म्हणजे 42 टक्के वेळा जिंकलो तरी भागलं. तो गडी कुठल्याही दोन पानांवर ढकलत होता, आणि अशा माणसासमोर एक्का-अठ्ठी 60 टक्क्यांच्या आसपास जिंकते. हे गणित बिनचूक आहे. साध्या टुर्नामेंटमध्ये मीही कॉल केला असता.

पण तू चिप्सचं गणित केलंस, आणि तिथं मिळणार होतं तिकीट. पहिल्या आलेल्याला जे तिकीट, तेच दहाव्याला. चिप्स दुप्पट झाल्या म्हणून दोन तिकिटं कुणी देत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या शेवटच्या पायरीला येऊन थांबलं. पहिल्या मजल्यावरचे आम्ही आणि तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी, दोघंही कोरडेच राहिलो. त्या रात्री आणखी वर जायचं म्हणून कुणी पाण्यात उतरलं नाही.

आता तू बोलता बोलता सांगून गेलास ती गोष्ट. तुझ्या डावीकडं दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाकडं 3,000 उरले होते. दुसऱ्या टेबलावर एकाकडं 5,000. अरे, त्या 3,000 वाल्याला दोन डावांनी बिग ब्लाइंड येणार होता! अँटी आणि ब्लाइंड मिळून 4,000 लागतात, त्याच्याकडं तेवढे नव्हतेच. तू पानं टाकली असतीस तर तुझ्याकडं 16,000 राहत होते, आठ बिग ब्लाइंड. तिथून तिकीट मिळण्याची शक्यता मी 80 टक्के धरतो. कॉल करून जिंकला असतास तर 97 धर. हरलास तर शून्य. 80 ला 97 नं भाग. साडेब्याऐंशी टक्के वेळा जिंकणारा हात असेल तरच कॉल. कुठल्याही दोन पानांसमोर राण्यांची जोडी 80 टक्के जिंकते, राजांची 82 च्या किंचित वर, एक्क्यांची 85. म्हणजे राण्या टाकायच्या, राजे काठावर, आणि बिनघोर कॉल फक्त एक्क्यांचा.

तू म्हणशील, 80 हा तुमचा अंदाज. आहेच. 70 धर. तरी 72 टक्के लागतात, आणि नव्व्यांची जोडी तिथं जेमतेम पोचते. एक्का-अठ्ठी कुठंच नाही.

आणि समोरच्याला हे सगळं ठाऊक असतं. तू कॉल करू शकत नाहीस हे माहीत आहे म्हणूनच तो न बघता ढकलतो. ते अंगाला लागतं, मला कळतं. आपला ब्लाइंड कुणीतरी दिवसाढवळ्या उचलून नेतोय असं वाटतं. पण ते 2,000 पुढं सरकवले त्याच क्षणी तुझे राहिले नव्हते. ते वाचवायला तू उरलेले 16,000 पणाला लावलेस. मीही हेच केलंय, गुलामांच्या जोडीवर, दुसऱ्या टेबलावर दोघांकडं एकेक ब्लाइंड उरलेला असताना. समोर राजा-चौकी होती, नदीवर, म्हणजे शेवटच्या पानाला, राजा आला. ते दोघं तिकीट घेऊन गेले. पानं वाईट पडली असं मी कितीतरी वर्षं सांगत होतो. पानं पडण्याआधीच चूक झालेली होती.

म्हणून बिग ब्लाइंडवर बसलास की पानं उचलण्याआधी मान वर कर. तिकिटं किती, माणसं किती, माझ्यापेक्षा लहान कोण, आणि ब्लाइंड त्याच्यापर्यंत किती डावांत पोचतो. दुसरं टेबल दिसत नसेल तर डाव संपल्यावर उठून बघून ये.

पण याचा अर्थ दर वेळी पानं टाकायची असा घेऊ नकोस. ब्लाइंड आणि अँटी भरून तुझ्याकडं मागं दोनच ब्लाइंड उरलेत, बाकी सगळे बारा-पंधरा ब्लाइंडांवर निवांत आहेत आणि अजून दोघं जायचेत, तर वाट बघून कुणी तुझ्याआधी जाणार नाही. तिथं पानं टाकून 15 टक्के आणि जिंकून 35 टक्के असं धरलं, तर 43 टक्के पुरतात. कुठल्याही दोन पानांवर ढकलणाऱ्यासमोर राणी-सत्तीसुद्धा निम्म्याहून थोडी जास्त वेळा जिंकते. तिथं घाबरून पानं टाकणं हीही तेवढीच मोठी चूक. आणि ढकलणारा सगळ्यांआधी खेळायच्या पहिल्या जागेवरून आला असेल तर त्याची पानं बरी असणार, हे दोन्हीकडं लक्षात ठेव.

कुणी दोन ब्लाइंडांचं साधं रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली, तर स्वस्तात फ्लॉप, टेबलावरची पहिली तीन पानं, बघायचा मोह होतो. आठ-दहा ब्लाइंडांवर नको. मधली जोडी लागते आणि सोडवत नाही.

एक मात्र कर. अगदी छोट्या स्टॅकवाल्यानं ऑल-इन केलं, मोठ्यानं कॉल केला आणि तुला अर्धा ब्लाइंड घालून शिरता येत असेल, तर शीर आणि शेवटपर्यंत चेक कर, आणखी काही लावू नकोस. दोन हात मिळून त्याला बाहेर काढण्याची शक्यता वाढते. पण तोंडानं एक शब्द काढायचा नाही, खूणही नाही. ठरवून केलं तर ती लबाडी.

2003 मध्ये ख्रिस मनीमेकर ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या 10,000 डॉलर प्रवेश फीच्या मेन इव्हेंटला पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला, हे तू मला दोनदा ऐकवलंस. त्या सॅटेलाइटमधून त्यालाही मिळाली ती एक खुर्चीच.

आणि ऑनलाइनचं विचारलंस, तर पैशांवरचे खेळ ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंद झालेत. परदेशी अ‍ॅप शोधत बसू नकोस. पुन्हा पणजीला जाशील तर मिरजेहून गोवा एक्सप्रेसनं जा, ठरवलेली रक्कम वेगळ्या पाकिटात ठेव, आणि घरी सांगून जा. गेल्या वेळी आईला माहीत नव्हतं, ते मला बरं वाटलं नाही.

येत्या रविवारी सकाळी ये. त्या रात्रीचे शेवटचे तीन बिग ब्लाइंड आठवतील तसे लिहून आण. पानं नाही आठवली तरी चालेल, कुणाकडं किती चिप्स होत्या तेवढं लिही.

तुझा,
काका