दुसऱ्याच्या क्लासमध्ये आपली मेथड: रुबीत चालतं, मग पायथनमध्ये का नाही?

प्रश्न: रुबीत मी स्ट्रिंग क्लास परत उघडून त्यात माझी मेथड टाकली, मस्त चालली. तेच पायथनमध्ये करायला गेलो तर टाइपएरर. कोटलिनमध्ये जमलं, पण शेप आणि त्याचा सबक्लास सर्कल दोन्हींना एकाच नावाची मेथड जोडली तर शेप टाइपच्या व्हेरिएबलमधला ऑब्जेक्ट सर्कलचा असूनही शेपवालीच चालते! असं का?

उत्तर: तिन्हीकडे दिसायला सारखंच आहे म्हणून घोळ होतो. रुबीत क्लास खरोखरच बदलतो, आणि तो फक्त तुमच्या फाइलपुरता नाही तर अख्ख्या प्रोग्रॅममध्ये, तुम्ही घेतलेल्या प्रत्येक जेमसाठी (म्हणजे रुबीच्या लायब्ररीसाठी) सुद्धा. पायथनमध्ये तुमच्या स्वतःच्या क्लासला बाहेरून फंक्शन चिकटवता येतं, पण स्ट्रिंग, लिस्ट असल्या बिल्ट-इन टाइपना हात लावू देत नाही.

कोटलिनमध्ये मात्र क्लासला काहीच होत नाही. कंपायलर तुमच्या एक्स्टेंशनचं (म्हणजे बाहेरून जोडलेल्या मेथडचं) साधं फंक्शन करतो आणि ऑब्जेक्ट त्याला पहिला पॅरामीटर म्हणून देतो, त्यामुळे कुठलं फंक्शन चालवायचं हे व्हेरिएबलच्या लिहिलेल्या टाइपवरून आधीच ठरतं, आत सर्कल आहे की अजून काही हे तो बघतच नाही. सी-शार्पमध्ये 2007 च्या 3.0 पासून हेच तत्त्व आहे. आणि दोन्हीकडे क्लासवाल्याने पुढे त्याच नावाची आणि तेच पॅरामीटर घेणारी मेथड आणली तर त्याचीच चालते, तुमची मागे पडते.

खरा क्लास बदलण्याचा त्रास किती लांब जातो बघा. मूटूल्स नावाच्या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपवर (म्हणजे सगळ्या अ‍ॅरेंना जिथून मेथड मिळतात त्या ऑब्जेक्टवर) फ्लॅटन ही मेथड टाकून ठेवली होती, आणि 2018 मध्ये भाषेतच त्या नावाची मेथड आणायचं ठरलं तेव्हा लक्षात आलं की त्या लायब्ररीवर चालणारी साइट मोडतेय, शेवटी नाव बदलून फ्लॅट केलं. एका लायब्ररीपायी सगळ्या जगाच्या भाषेतलं नाव गेलं, मला हे अजूनही खटकतं.

म्हणून रुबीत रिफाइनमेंट वापरा, 2.1 पासून ते पक्के आहेत, ज्या फाइलमध्ये यूझिंग लिहाल तिथेच बदल दिसतो. आणि कोटलिनमध्ये सर्कलचं वागणं खरंच वेगळं हवं असेल, आणि क्लास तुमचेच असतील, तर एक्स्टेंशन सोडा, शेपमध्ये ओपन (म्हणजे सबक्लासला बदलता येणारी) मेथड लिहून सर्कलमध्ये ओव्हरराइड करा.