कॅथोडच्या हीटरची तार किती लांब, किती जाड घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी छोटी इलेक्ट्रॉन गन (इलेक्ट्रॉनचा बीम सोडणारं साधन) करताय, ऑक्साइड कॅथोड (बेरियम ऑक्साइडचा थर दिलेली निकेलची नळी, तापली की इलेक्ट्रॉन सोडते) तापवायला ६.३ व्होल्टचा हीटर, म्हणजे नळीच्या आतली टंगस्टनची तार, हवाय, पण तार थंड असताना रेझिस्टन्स इतका कमी की स्विच टाकताच सप्लाय मान टाकतो.

आधी तार बाजूला ठेवा. कॅथोड किती उष्णता बाहेर टाकतो तिथून हिशोब धरा. निर्वातात हवा नाही, म्हणजे उष्णता जाणार किरणांवाटे आणि आधाराच्या पायांतून. ऑक्साइड कॅथोडला साधारण ११०० केल्विन लागतं. त्या तापमानाला आदर्श काळा पृष्ठभाग दर चौरस सेंटिमीटरला ८.३ वॅट फेकतो. निकेलच्या नळीवरचा पांढरा थर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कॅथोडचा पृष्ठभाग १ चौरस सेंटिमीटर असेल तर ३ वॅट धरा, पायांतून जाणारा अर्धा वॅट मिळवा. झाले ३.५ वॅट.

आता तार. ६.३ व्होल्टवर ३.५ वॅट म्हणजे गरम असताना ११.३ ओहम. ही उष्णता नळीला द्यायची तर तार नळीपेक्षा बरीच तापलेली हवी, समजा १५०० केल्विन. तिथे टंगस्टनची रोधकता थंडपणीच्या सातपट होते. ०.१ मिमी जाडीची तार घेतली तर सुमारे २२ सेंटिमीटर लागेल. तीच तार थंड असताना जेमतेम १.६ ओहम, म्हणून पहिल्या क्षणी जवळजवळ ४ अँपिअर. तुमचा सप्लाय बिघडलेला नाही, टंगस्टनच असा आहे. करंट मर्यादित ठेवून हळूहळू चढवा.

एवढी तार चिमुकल्या नळीत बसवायची म्हणजे स्प्रिंगसारखी गुंडाळायची, आणि दुहेरी: एक वेढा जाणारा, एक परतणारा. दोन्हींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात, नाहीतर एसीवर बीम ५० हर्ट्झने डुलतो.

पण खरी कसोटी तार आणि नळी यांच्यात वीज जाऊ न देणाऱ्या ॲल्युमिनाच्या थराची. तारेवर हा पांढरा थर चढवून हायड्रोजनच्या भट्टीत १६०० अंशांच्या पुढे भाजतात. भिंगाखाली वळणाच्या बाहेरच्या कडेला पाहा, तडा पहिल्यांदा तिथेच जातो. तिथे उघडी पडलेली तार निकेलला टेकली की शॉर्ट. आणि वाकवायचं ते भाजण्याआधीच. भाजल्यावर शुद्ध टंगस्टन काचेसारखं मोडतं. म्हणूनच ३ टक्के ऱ्हेनियमवाली तार मिळत असेल तर मी डोळे झाकून तीच घेईन.

एखादा जुना ईसीसी८३ (ॲम्प्लिफायरमधला काचेचा व्हॉल्व्ह) हाती लागला तर अंधारात चालू करून बघा. काही कंपन्यांच्या व्हॉल्व्हमध्ये हीटरचं नळीबाहेरचं टोक क्षणभर लखकन पांढरं होतं. तेवढ्या तुकड्याला उष्णता द्यायला शेजारी निकेल नाही, म्हणून तो आधी पेटतो. तुमच्या डिझाइनमध्ये ही टोकं आखूड ठेवा.

व्होल्टेज वाढवून जास्त एमिशन, म्हणजे जास्त इलेक्ट्रॉन, काढायचा मोह टाळा. पॉवर १६ टक्के वाढली की तापमान ४ टक्केच, म्हणजे चाळीसेक अंशच चढतं, पण बेरियम उडण्याचा वेग त्याहून कितीतरी जास्त वाढतो आणि कॅथोडचं आयुष्य संपतं. फार थंड ठेवला तर उरलेला वायू त्याला विष घालतो.

पायरोमीटर (प्रकाशावरून तापमान मोजणारं यंत्र) नसेल तरी अडत नाही. थंड रेझिस्टन्स मोजा, मग चालू असताना व्होल्टेज भागिले करंट करा. पहिल्या आकड्याच्या सातपट आला तर शुद्ध टंगस्टनची तार सरासरी १५०० केल्विनच्या जवळ आहे.