तारीख मागे गेली की लॉग-इन अडते

प्रश्न : तासगावात आमचे कृषी सेवा केंद्र आहे. लाइट जाऊन आली की दुकानातल्या कॉम्प्युटरची तारीख जुन्या वर्षात जाते आणि ईमेलचे पान ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून अडते. तारीख नीट केली तर पान उघडते, पण मोबाइल अ‍ॅपमधला सहा आकडी कोड चुकीचा ठरतो. पासवर्ड बदलू का?

उत्तर : पासवर्डला हात लावू नका. घोळ घड्याळांचा आहे, आणि तोही दोन वेगवेगळ्या.

वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख त्याबाहेर गेली की ब्राउझर पान अडवतो. लाइट नसताना कॉम्प्युटरचे घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट पाटीवरचा) बटण सेल संपलेला दिसतो. बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा असतो. प्लग काढा, क्लिप दाबून जुना सेल सोडवा, नवा तशाच दिशेने बसवा. मग तारीख आधी हाताने लावा आणि नंतरच तारीख-वेळेच्या सेटिंगमधले ‘सिंक नाऊ’ (इंटरनेटवरून वेळ जुळवणारे बटण) दाबा, कारण फरक फार मोठा असेल तर विंडोज तो आपणहून दुरुस्त करत नाही. टाइम झोन +५:३० आहे ना, तेही पाहा.

कोड मात्र मोबाइलच्या घड्याळावर बनतो आणि साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. मोबाइल दोन-तीन मिनिटे पुढे-मागे असला तरी तो जुळत नाही. तिथे वेळ ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. चुकीचा कोड सारखा टाकत राहू नका, खाते काही काळ बंद होऊ शकते.

गूगलचे खाते असेल तर अ‍ॅपचा कोड चालत नसेल तेव्हा वापरायचे दहा बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते आजच छापून घरच्या कपाटात ठेवा. दुकानाच्या गल्ल्यात नको.