जुन्या धाटणीची पिस्तुलं घेऊन जपून ठेवण्यात लोकांना नेमकं काय आवडतं?

तुम्ही विचारलंय की वापरायची नाहीत, विकायची नाहीत, तर ही जुन्या घाटाची पिस्तुलं घेऊन कपाटात ठेवायची कशाला? माझ्याकडे तीन आहेत, तेव्हा माझ्यापुरतं सांगतो.

मी मूळचा नाशिकचा, आता टेक्सासला असतो. नाशिकच्या पोरांच्या कानावर ‘ब्राउनिंग’ हा शब्द फार लवकर पडतो. 21 डिसेंबर 1909, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन आणि त्याला गोळ्या घालणारे अनंत कान्हेरे. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून 20 ब्राउनिंग पाठवली, हे आम्हाला पाठ होतं. पण ब्राउनिंग म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ते एका माणसाचं नाव आहे हे मला इथे आल्यावर कळलं. जॉन मोझेस ब्राउनिंग, युटामधल्या ऑग्डेन गावच्या बंदुका बनवणाऱ्याचा मुलगा, नावावर 128 पेटंट.

मग एकदा एका गन शोमध्ये टेबलावर त्या काळातलं ब्राउनिंग दिसलं. एफएन या बेल्जियन कंपनीचं मॉडेल 1900, तिथल्याच हेर्स्टालला बनलेलं, .32 बोअरचं, सात गोळ्यांचं. हातात घेतलं तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती त्याचा लहानपणा. माझ्या डोक्यात शाळेपासून एक अवजड, काळं धूड होतं, आणि हे तर कोटाच्या खिशात मावणारं! मुठीच्या पट्टीवर त्याच पिस्तुलाचं छोटं चित्र कोरलेलं. पिस्तुलावर पिस्तुलाचंच चित्र, ही हौस मला फार आवडली.

पण खरा जीव जडला तो आतली रचना बघून. यात स्प्रिंग नळीच्या वर असते. तीच एक स्प्रिंग मागे गेलेली स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) परत पुढे आणते आणि गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या फायरिंग पिनलाही तीच जोर देते. आजीच्या स्वयंपाकघरातली काटकसर. आजच्या पिस्तुलांत हमखास दिसणारी सरकती स्लाइड बाजारात आली ती याच मॉडेलपासून.

दुसरं माझं 1911 (हे मॉडेलचंच नाव), तेही ब्राउनिंगचंच डोकं. आराखडा जुना, पण माझं पिस्तूल नवीन बनावटीचं. अमेरिकन लष्कराने ते 29 मार्च 1911 रोजी स्वीकारलं आणि 1985 पर्यंत तेच त्यांचं मुख्य पिस्तूल होतं. चाचणीत 6,000 गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. यात नळीच्या खाली एक छोटीशी कडी असते. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड थोडं अंतर जोडीने मागे जातात, मग ती कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते आणि स्लाइड मोकळी होते. रविवारी दुपारी मी ते खोलून टेबलावर मांडतो, स्लाइड हाताने सावकाश मागे ओढत ती कडी फिरताना बघतो. बायको म्हणते, तुझा भातुकलीचा खेळ सुरू झाला.

तिसरं म्हणजे 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरची इटालियन नक्कल. घोडा मागे ओढताना चार वेगवेगळे ‘कट’ ऐकू येतात. बस, त्या चार आवाजांसाठी घेतलंय. (मुंबईत ‘घोडा’ म्हटलं की अख्खं पिस्तूलच समजतात, पण मी इथे मागच्या हातोडीबद्दल बोलतोय.) गोळ्यांची सहा घरं असली तरी भरायची पाचच, कारण घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवायचा असतो.

कामाच्या दृष्टीने विचाराल तर नवी प्लास्टिक-बॉडीची पिस्तुलंच सरस. ग्लॉक 17 रिकामं असताना साधारण सव्वासहाशे ग्रॅम आणि त्यात 17 गोळ्या. माझं 1911 रिकामंच अकराशे ग्रॅमच्या आसपास आणि गोळ्या सातच. एचएमटीच्या घड्याळाला रोज सकाळी चावी देणारा माणूस वेळ बघायला मोबाइलच काढतो ना, तसंच आहे हे.

कायद्याचं थोडक्यात. एच-1बी व्हिसावर होतो तोवर, काही मोजके अपवाद सोडले तर, शस्त्र बाळगताच येत नव्हतं. ग्रीन कार्ड आल्यावर 50 वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी असतं ते संग्राहकाचं लायसन्स काढलं, तीन वर्षांना 30 डॉलर. भारतात 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात, त्यामुळे तिकडे असा संग्रह अवघडच.

एक गोष्ट मात्र टोचते. 1914 मध्ये साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारून पहिल्या महायुद्धाची ठिणगी टाकणाऱ्या प्रिन्सिपच्या हातात होतं तेही ब्राउनिंगच, त्याच हेर्स्टालच्या कारखान्यातलं. माझ्या एफएनच्या मुठीची एक बाजू चांगलीच झिजलीय. कुणाच्या तळव्याने, हा विचार डोक्यात आला की मी ते तेल लावून लवकर तिजोरीत ठेवून देतो. तेल तर लावावंच लागतं. बोटांच्या घामाने त्या निळसर काळ्या पोलादावर दोन दिवसांत गंज धरतो.

खंडेनवमीला तिन्ही पाटावर मांडतो. कुंकू पाटालाच लावतो, पोलादाला नाही, डाग पडतात. गेल्या वर्षी आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, “ते मधलं बारकं कुठलं रे?”

म्हटलं, “आपल्या विजयानंदमध्ये वाजलं ना, त्या जातीचं.”

ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “गोळ्या काढल्यास ना?”