बाजाराच्या दिवसाची गोळी

प्रश्न : बाबांना (वय 56) हातापायांवर आणि मानेवर जुना इसब आहे. मलमं, स्टेरॉइड सगळं करून झालं. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मेथोट्रेक्सेट 10 मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा लिहून दिलं. गोळीसोबतच्या कागदावर कॅन्सर, संधिवात, सोरायसिस आहे. इसबाचं नाव नाही. गावातला दुकानदार म्हणतो, रोज एक घ्या. कोणाचं ऐकायचं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : रोज नाही, आठवड्यातून एकदाच. रोज सुरू केली असेल तर आजच थांबवा आणि बाबांना बरं वाटत असलं तरी स्ट्रिप घेऊन आजच मोठा दवाखाना गाठा. रोजच्या गोळीनं रक्तपेशी झपाट्यानं घटतात. तोंडात फोड, ताप, अंगावर लाल ठिपके ही त्याची लक्षणं. ल्युकोव्होरिन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच उपयोगाचा.

कागदावर इसब नाही, कारण त्यासाठी औषधाची अधिकृत नोंद नाही. तरी त्वचारोगतज्ज्ञ ते बऱ्याच वर्षांपासून देतात आणि 10 हा नेहमीच्याच मापातला डोस आहे.

गोळीचा वार पक्का करा. गावचा आठवडी बाजार बरा, तो कोणी विसरत नाही. फॉलिक ॲसिड दिलं असेल तर तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या वारीच, बहुधा दुसऱ्या दिवशी. घोळ इथंच होतो: दोन्ही गोळ्या बारीक, पिवळ्या. वेगळ्या डब्यांत ठेवून वर वार लिहा. स्ट्रिपवरचा आकडाही दरवेळी वाचा. 2.5 च्या चार म्हणजे 10. दुकानातून 10 ची स्ट्रिप आली आणि सवयीनं चार घेतल्या, तर झाले 40! चुकलेली गोळी दोन दिवसांच्या आत घेता येते. त्यानंतर सोडून द्या, पुढच्या वेळी दुप्पट नको.

मोहाची असो की देशी, दारू बंद. अंगदुखीची गोळी मनानं नको. कोट्रायमॉक्साझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध तर अजिबात नको. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की मेथोट्रेक्सेट सुरू आहे हे आधी सांगा. औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून हगवण-उलटी लागली किंवा उन्हाळ्यात ऊन लागून अंगातलं पाणी कमी झालं, तर त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच. ताप असेल तेव्हाही तसंच.

रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सुरुवातीला दर थोड्या आठवड्यांनी, पुढं साधारण तीन महिन्यांनी तपासा. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. तोवर व्हॅसलीन आणि मलम सोडू नका.