कर्जाचं नंतर पाहू, आधी ती पॉलिसी परत करा

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून ते 60 व्या वर्षी निवृत्त झाले. मुलगी एम.एस्सी. फिजिक्स झाली आणि तिला जर्मनीत कार्ल्सरूहच्या केआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळाली आहे. काम सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या सीएमएस नावाच्या प्रयोगावर, करार तीन वर्षांचा, ई-13 या तिथल्या सरकारी वेतनश्रेणीच्या 75 टक्के पगारावर. ते विचारतात: "एजंट म्हणतो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये 12 लाख भरावे लागतील, वरखर्च वेगळा. घर तारण ठेवून 15 लाखांचं शैक्षणिक कर्ज घेऊ का? सर्नमध्ये ती कायम झाली की दोन वर्षांत फिटेल. शिवाय सर्नचं ते यंत्र चार वर्षं बंद राहणार असं वाचलं. मग पगार थांबेल का?" आणि अगदी शेवटी, जाता जाता: "फंड-ग्रॅच्युइटीचे 42 लाख आले. त्यातले 5 लाख बँकेतल्या साहेबांनी पेन्शनच्या योजनेत घातले, त्यामुळे आमची दोघांची काळजी मिटली."

नमस्कार. प्रथम मुलीचं मनापासून अभिनंदन. कर्ज घेऊ नका, त्याची गरजच नाही. तिला मिळाली आहे ती पगारी नोकरी. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे राहण्या-खाण्याची सोय आहे हे दाखवायला आधीच भरून ठेवायचे पैसे. ते वर्षाला 11,904 युरो स्वतःच्या खर्चाने शिकायला जाणाऱ्यांसाठी असतात. तिच्या हातात पगाराचा करार आहे, व्हिसासाठी तोच पुरावा. एजंटला यापुढे एक रुपयाही देऊ नका.

पण मला झोप लागू देत नाही ती तुमची शेवटची ओळ. तुम्ही पाठवलेला पॉलिसीच्या पानाचा फोटो मी मोठा करून पाहिला. वर ठळक अक्षरांत 'गॅरंटीड इन्कम', आणि खालच्या बारीक चौकटीत 'हप्ते भरण्याची मुदत: 7 वर्षे'. तुम्ही 5 लाख 'घातले' म्हणता. ते एकदाच घालायचे नाहीत, दरवर्षी घालायचे आहेत, सात वेळा. एकूण 35 लाख. त्यानंतर तुम्ही 70 वर्षांचे झालात की वर्षाला 4 लाख, 15 वर्षं. 35 चे 60 होतात असं सांगून हे विकलं जातं. वर्षांचा हिशेब घातला की परतावा जेमतेम 4 टक्के पडतो. आपल्या गावच्या पोस्टातही याहून जास्त मिळतं.

आता तुमचं घर या हिशेबात बसवू. महिन्याचा खर्च 30 हजार, ईपीएसची (कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन 3 हजार. म्हणजे वर्षाला सव्वातीन लाख पुंजीतून काढायचे. उरलेल्या 37 लाखांवर साडेसहा टक्के व्याज धरलं, तरी घरखर्च आणि हप्ते भागवता भागवता सातव्या हप्त्याला तुमच्याकडे लाखभरसुद्धा उरत नाही. तेव्हा तुम्ही 66 चे असाल आणि उत्पन्न सुरू व्हायला चार वर्षं बाकी असतील. त्यावर गहाण घराचा हप्ता. निवृत्त माणसाला हे उत्पन्नाचं साधन म्हणून विकलं याचा मला संताप येतो. तुम्ही फसलात, कारण ज्या माणसाकडे वीस वर्षं पासबुक भरून घेतलं त्याच्यावर तुमचा विश्वास होता. यात तुम्ही ओशाळं होण्यासारखं काही नाही.

पॉलिसीची कागदपत्रं येऊन तुम्हाला अठरा दिवस झाले आहेत. कागदपत्रं हातात पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, त्याला 'फ्री लुक' म्हणतात. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. उद्याच अर्ज लिहा: "मला एकरकमी ठेव म्हणून सांगितलं होतं, ही सात वर्षांच्या हप्त्यांची पॉलिसी निघाली, अटी मान्य नाहीत, रद्द करा." अर्ज बँकेत देऊ नका, विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. ईमेलही करा. कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. बँकेतले साहेब म्हणतील, "पुढच्या आठवड्यात बघू, तीन वर्षांनी काढता येईल." त्या आठवड्यातच मुदत संपते. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे.

पैसे परत आले की 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. सध्या 8.2 टक्के, दर तिमाहीला 61,500 रुपये, म्हणजे महिना साडेवीस हजार. 5 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले की आणखी 3 हजार. पेन्शन धरून साडेसव्वीस झाले. 3 लाख अडीअडचणीला मुदत ठेवीत. उरले 4 लाख, ते मुलीला. आरोग्य विम्याचा पत्रात उल्लेख नाही. नसेल तर या महिन्यातच दोघांचा काढा, मधुमेह-रक्तदाब काही न लपवता.

4 लाख कशाला, तर तिकीट, व्हिसा, गरम कपडे, खोलीचं डिपॉझिट (तिकडे तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत मागतात) आणि पहिला महिना, कारण पगार महिनाअखेरीस होतो. करारानुसार तिचा महिन्याचा पगार कपातीआधी सुमारे 3,450 युरो, कर आणि विमे कापून हातात 2,200 च्या आसपास. राहणं-खाणं 1,200 ते 1,300 मध्ये बसतं. युरो 100 रुपये धरला तर वर्षाच्या आत ती तुमचे 4 लाख परत करू शकते. ते घ्या, संकोच करू नका.

यंत्र बंद राहण्याची भीती सोडा. 2026 च्या मध्यापासून 2030 पर्यंत एलएचसी, म्हणजे सर्नचं कणांच्या टकरी घडवणारं यंत्र, थांबणार ते जास्त तीव्रतेच्या टकरींसाठी सुधारणा करायला. त्याच काळात सीएमएसचा आतला, कणांचे माग टिपणारा सिलिकॉन शोधक पूर्ण बदलायचा आहे आणि त्याचे भाग केआयटीतही जोडले जातात. आधीच्या टकरींचा साठवलेला डेटा आहेच. तिला काम कमी पडणार नाही, आणि पगार केआयटी देते.

'सर्नमध्ये कायम' हे मात्र तुमच्या हिशेबातून खोडा. पीएच.डी.नंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे तात्पुरत्या संशोधकाच्या, जागा असतात, एकामागून एक, आणि कायम जागा फार थोड्या. बरेच जण पुढे डेटा किंवा सॉफ्टवेअरच्या कामाला जातात, तिथे हे शिक्षण उपयोगी पडतं. प्रयोगातली पीएच.डी. तीन वर्षांत क्वचितच संपते, साडेतीन-चार लागतात. सही करण्याआधी तिने मार्गदर्शकांना मेलवर एवढंच विचारावं: तीन वर्षांनंतर काम उरलं तर पगार कुठून येतो, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना मुदतवाढ मिळाली होती का?