वाचकांचे प्रश्न : ‘छान आहे’ म्हणतात, पण घेत नाहीत

प्रश्न : आर्णी तालुक्यात माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. सायकलच्या चाकाचा हातडवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला हातानं ढकलायचं अवजार, बनवतो. शेतकरी पाहून ‘छान आहे’ म्हणतात, पण घेत नाहीत. त्यांना नेमकं काय हवं, हे कसं विचारावं?

उत्तर : वस्तू समोर ठेवून ‘कशी वाटली?’ विचारलं, की आपल्याकडे तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. पहिल्या भेटीत डवरा नेऊच नका. मागच्या हंगामातली शेवटची डवरणी विचारा : पीक कोणतं, वाफसा (पावसानंतर जमीन कामाजोगी होणं) कधी आला, बैलजोडी घरची की भाड्याची, किती मजूर, किती दिवस, पैसे किती गेले, काम कुठं अडलं. ‘पुढच्या वर्षी घ्याल का?’ याला मिळतो तो अंदाज; गेल्या वर्षी खिशातून गेलेले पैसे खरे.

कोणी ‘पातं रुंद करा’ म्हणालं, तर लगेच लोखंड कापायला घेऊ नका. कुठं कमी पडलं, ते विचारा. सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण 18 इंच अंतर असतं. दोन्हीकडची मुळं सांभाळायची तर पातं 9-10 इंचांपुढं नेता येत नाही. चार फुटांवरच्या कपाशीत मात्र त्याच पात्यानं एका पट्ट्यात चार फेऱ्या होतात. म्हणजे मागणी बदलता येणाऱ्या पात्याची असू शकते. ‘जड जातो’ म्हणाले, तर जमीन कशी होती ते विचारा. काळी माती ओली असली की पात्याला चिकटते, सुकून कडक झाली की पातं शिरत नाही. दोन्हींचा इलाज वेगळा.

सगळ्यात जास्त चूक माणूस निवडण्यात होते. पैसे देतो घरधनी, पण वावरात डवरा ढकलणारी बऱ्याचदा बाई असते, आणि तो शेजारी बसला की उत्तरंही तोच देतो. तिच्याशी वावरातच बोला. बचत गटातली एखादी ताई सोबत असली तर उत्तम. दांडा तिच्या कोपराच्या किती वर येतो, ते टेपनं मोजा. बैलजोडीवाले, जोडी नसलेले, तणनाशक मारून मोकळे होणारे आणि हातडवरा घेऊन अडगळीत टाकलेले, अशा प्रत्येक गटातले पाच-सहा जण गाठा. शेवटच्या गटाला सोडू नका. तुमच्या डवऱ्यातला दोष तेच सांगतील.

यानंतर डवरा दोन दिवस वावरात ठेवायला द्या. किती गुंठे झाले, कुठं सोडून दिला, ते पाहा. मग इसार मागा. पाचशे रुपये काढताना जी अडचण ते बोलून दाखवतील, ती आधी लिहून घ्या.

प्रश्न : बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करावं का?

उत्तर : विचारून करा. नकार दिला तर वही पुरते. त्यांचेच शब्द लिहा, आणि उठण्याआधी वाचून दाखवा. लोक तिथंच दुरुस्ती सांगतात.